स्क्रूला हात लावण्याआधी

“प्रेशर जरा उतरवून ठेव. उद्या शाळेची पोरं यायचीत.” शेठनी संध्याकाळी एवढंच सांगितलं आणि फिटरने ओळीने सगळ्या मार्करचे, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांचे, रेग्युलेटर उलटे फिरवले. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, एका कृषी पर्यटन केंद्रावरची ही गोष्ट. भाताची खाचरं संपतात तिथल्या माळावर जुने टायर, पत्र्याची पिंपं आणि पेंढ्याच्या गंज्या मांडून पेंटबॉलचं मैदान केलेलं आहे. सकाळी पहिला डाव सुरू झाला आणि एकेक मार्कर रुसत गेला. गोळी नळीतून जेमतेम बाहेर पडून पायाशी टपकायची. चाप एकदा ओढला की आतला हॅमर थांबायचं नाव घेत नसे. फडफड आवाज करत एकामागून एक गोळ्या आत ओढायचा आणि फोडायचा. नळ्या रंगाने बरबटल्या. आत काय अडकलंय ते बघायला पोरं नळीचं तोंड डोळ्यांसमोर धरू लागली, तेव्हा फिटरने शिट्टी मारून खेळ बंद केला.

कोणाला काही लागलं नाही. पण दोन समज त्या सकाळी एकदमच मोडीत निघाले. दाब कमी केला की मार कमी होतो, हा पहिला. आणि दाब कमी करणं म्हणजे एक स्क्रू फिरवणं, हा दुसरा. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षं देखभालीचं काम केलेल्या या फिटरने पुढे तेच मार्कर जवळपास निम्म्या दाबावर बिनतक्रार चालवले. त्यासाठी त्याला काय काय उलगडून बघावं लागलं आणि त्यात धोक्याच्या जागा कोणत्या, हे शहापूर, कर्जत, लोणावळा अशा पट्ट्यांत मैदानं चालवणाऱ्या कोणालाही उपयोगी पडण्यासारखं आहे.

हे यंत्र मुळात खेळासाठी बनलेलंच नव्हतं. अमेरिकेत तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबूनच रंगाची खूण करता यावी, म्हणून ते वापरात आलं. शहापूर-मुरबाडच्या सागाच्या जंगलात वनखात्याचे लोक अशी खूण झाडाजवळ जाऊन, मार्किंग हॅमरचा ठसा मारून करतात. नेल्सन पेंट कंपनीसाठी डेझी या एअरगनवाल्या कंपनीने बनवलेला ‘नेलस्पॉट ००७’ मार्कर हातात घेऊन २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर इथे बारा जण रानात उतरले आणि पेंटबॉलचा पहिला डाव झाला. तो जिंकला रिची व्हाइट नावाच्या वनकर्मचाऱ्याने, आणि तोही एकही गोळी न झाडता. त्या मार्करमध्ये १२ ग्रॅम वायूचं छोटं काडतूस बसायचं आणि प्रत्येक गोळीला बोल्ट हाताने मागे ओढावा लागायचा. हॅमर मागे नेण्याचं काम माणसाच्या हाताकडे असल्यामुळे दाब उतरला तरी यंत्र अडत नसे. गोळी फक्त जवळ पडायची.

आज भाड्याने खेळवणाऱ्या मैदानांवर दिसतात ते बहुतेक मार्कर ब्लोबॅक जातीचे. टिपमन ९८, स्पायडर आणि त्यांच्या चालीवर बनलेले. चाप ओढला की सिअर नावाची खुंटी सुटते, मुख्य स्प्रिंगने रेटलेला हॅमर पुढे जाऊन व्हॉल्व्हच्या दांड्यावर आदळतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. सुटलेल्या हवेचा एक भाग बोल्टमधून पुढे जाऊन गोळी ढकलतो. दुसरा मागे जाऊन हॅमरला पुन्हा सिअरच्या खाचेत अडकवतो. एकाच झोताकडून दोन कामं. दाब नुसताच उतरवला तर मागचं काम आधी बंद पडतं. हॅमर खाचेपर्यंत पोचत नाही, अर्ध्यातून परततो, व्हॉल्व्हवर आदळतो, पुन्हा अर्ध्यापर्यंत जातो. त्या सकाळची फडफड हीच होती. बाटली संपत आली की मार्कर हुबेहूब असाच वागतो, म्हणून फडफड ऐकू आली की पहिली नजर बाटलीच्या काट्याकडे टाकायची. भरलेली बाटली लावूनही फडफड थांबली नाही, तर सिअर काढून तिची धार बघायची. गोल झिजलेली सिअर हॅमरला धरूच शकत नाही. तिथे दाब कितीही वाढवला तरी उपयोग नाही, भाग बदलावाच लागतो.

हे सगळं कळण्याआधी या केंद्रावर एक वेगळंच प्रकरण होऊन गेलं होतं. सुरुवात झाली ती कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्यांनी. वायू स्वस्त आणि मिळायला सोपा. बाटलीत तो द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. या वाफेचा दाब बाटलीत किती माल आहे यावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. १० अंश सेल्सिअसला तो सुमारे ४५ बार, म्हणजे ६५० पीएसआय असतो; २० अंशांना ५७ बार, म्हणजे ८३० पीएसआय; ३० अंशांना ७२ बार, म्हणजे १,०४५ पीएसआयच्या आसपास. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहतच नाही आणि तिथून पुढे, बाटली जितकी गच्च भरलेली, तितका दाब झपाट्याने चढतो. मुरबाडात हिवाळ्याच्या पहाटे पारा पंधराच्या खाली उतरतो आणि एप्रिलच्या दुपारी चाळिशी ओलांडतो. सकाळी सातला जुळवलेला मार्कर अकरा वाजता दुसऱ्याच दाबावर चालत असतो.

त्यात आणखी दोन खोड्या. सलग गोळ्या झाडल्या की आतला द्रव उकळून वायू होताना बाटली गार पडते, तिच्या अंगावर बर्फाचा थर धरतो आणि भर उन्हातही दाब कोसळतो. मार्करचं तोंड खाली झुकवलं तर उलटाच प्रकार: द्रव थेट व्हॉल्व्हमध्ये घुसतो आणि पुढची गोळी नेमलेल्यापेक्षा कितीतरी वेगाने सुटते. टेकाडावर बसून खालच्या खेळाडूवर नेम धरणारा पोरगा नकळत हेच करत असतो. बाटलीच्या आत वाकडी नळी, म्हणजे अँटी-सायफन ट्यूब, बसवून हा धोका कमी करता येतो. रेग्युलेटर लावूनही दाब उतरवता येतो, पण द्रव आणि गारठा यांनी त्याच्या आतल्या सीट आणि ओ-रिंगा लवकर खराब होतात. कमी दाबाचं ट्यूनिंग कार्बन डायऑक्साइडवर करू नये, असं फिटर आता ठामपणे सांगतो.

एका एप्रिलमध्ये भरून आणलेल्या बाटल्या टेम्पोच्या हौद्यात उघड्यावर राहिल्या. जेवणाच्या वेळेला स्फोटासारखा आवाज झाला आणि हौदा पांढऱ्या धुक्याने भरून गेला. एका बाटलीची सुरक्षा-चकती फुटली होती. ती चकती असते त्यासाठीच: दाब हाताबाहेर गेला की बाटली फुटण्याऐवजी तांब्याचा तो पातळ पत्रा फाटतो आणि वायू बाजूच्या भोकांतून निघून जातो. चौकशी केल्यावर कळलं की त्या बाटलीत तिच्या मापापेक्षा जास्त वायू होता. हा वायू काट्यावर वजन करूनच भरायचा असतो. २० औंसांच्या बाटलीत ५६७ ग्रॅम आणि वर एक कणही नाही. रिकाम्या बाटलीचं वजन आधी लिहून ठेवलं की दुकानातून बाहेर पडतानाच फरक कळतो. फुटलेल्या चकतीच्या जागी त्याच दाबाची चकती जाणकाराकडूनच बसवून घ्यायची. नाणं किंवा पत्र्याचा तुकडा घालून काम भागवणारे लोक भेटतात; त्यांच्या हाती बाटली देऊ नये. बाटल्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या. बंद गाडीत किंवा बिनखिडकीच्या खोलीत ठेवायच्या नाहीत, कारण गळलेला वायू जमिनीलगत साचतो आणि त्यात श्वास कोंडतो.

त्यानंतर केंद्र दाबाच्या हवेकडे वळलं. “सरळगावच्या नाक्यावर टायरवाला आहे, त्याच्याकडे भरून आणू की दादा,” असं मदतनीस पोराने सुचवलं होतं. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर दीड-दोनशे पीएसआयच्या पुढे जात नाही. मार्करच्या बाटलीला ३,००० पीएसआय लागतात, कार्बन फायबरच्या बाटलीला ४,५००. त्यासाठी पाणबुड्यांच्या टाक्या भरणारा उच्चदाबाचा कॉम्प्रेसर हवा, आणि तो वीज असेल तेव्हाच चालणार. कमी दाबावर चालणाऱ्या मार्करचा खरा फायदा इथे दिसतो. मार्करला ८०० पीएसआय लागत असतील तर ३,०००ची बाटली ८०० वर आली की तिच्यातली उरलेली हवा खेळाच्या दृष्टीने वाया. भरलेल्यापैकी ७३ टक्के हवाच कामी आली. तोच मार्कर ४०० वर चालला तर ८७ टक्के हवा वापरता येते.

फायद्याचा हिशोब इथेच थांबवायला हवा, कारण पुढे बऱ्याच दंतकथा आहेत. कमी दाबाने नेम सुधारत नाही. गोळ्यांची संख्याही आपोआप वाढत नाही. गोळीला तेवढाच वेग द्यायचा तर कमी दाबाची हवा जास्त प्रमाणात सोडावी लागते; दाबातली बचत आकारमानात खर्ची पडते. गोळ्या आत फुटायच्या थांबतील म्हणून दाब उतरवणाऱ्यांचीही निराशा होते. ब्लोबॅक मार्करमध्ये गोळी चिरडते ती बहुधा पुरती खाली न बसता बोल्टच्या तोंडात सापडल्यामुळे. तिला जागेवर धरणारा रबरी खिळा झिजला की एकाऐवजी दोन गोळ्या खाली येतात आणि दुसरी कापली जाते. खिळा बदलला की तक्रार मिटते.

बिघाड शोधण्याचा फिटरचा क्रम आता ठरलेला आहे आणि रेग्युलेटरचा नंबर त्यात सर्वांत शेवटी लागतो. आधी गळती. भरलेली बाटली लावून सांध्यांवर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडे बाटलीच्या मानेपाशी आले तर तिथली ओ-रिंग गेली. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा जाणारी वस्तू, तिचं पाकीट खिशात असावं. मुरबाडला रेल्वे नाही, बाजार लहान, आणि एका ओ-रिंगेपायी कल्याणची फेरी म्हणजे अख्खा दिवस. हवा रेग्युलेटरच्या बाजूच्या बारीक भोकातून येत असेल तर आतल्या पिस्टनची ओ-रिंग बघायची. काही न करता नळीतून सूं-सूं आवाज येत असेल तर व्हॉल्व्हची सीट कापली गेली आहे किंवा तिच्यावर कचरा बसला आहे. हॅमर पुढे असताना बाटली पिळली तरी काही मार्कर असेच गळतात, कारण हॅमर व्हॉल्व्हला टेकून असतो. नळीवर कापडी टोपी चढवून, सेफ्टी लावून, आधी हॅमर मागे ओढायचा आणि मग बाटली लावायची.

गळती नसेल तर घर्षण. बाटली काढून, आतली हवा पूर्ण सोडून, हॅमर बोटांनी पुढेमागे सरकवून बघायचा. त्याने विनाखरखर, एका दमात सरकायला हवं. इकडची लाल माती बारीक असते. फुटलेल्या गोळीच्या चिकट रंगात ती कालवली गेली की बोल्टभोवती थर बसतो आणि दाबाचा मोठा वाटा तो थर ढकलण्यातच जातो. कारखान्यातल्या सवयीने फिटरने पहिल्यांदा सगळे भाग रॉकेलमध्ये बुडवले होते. रंगाच्या गोळीत तेल नसून पाण्यात विरघळणारं ग्लायकॉल असतं, त्यामुळे कोमट पाणी आणि सुती फडकं पुरतं. रॉकेल-पेट्रोलने प्लास्टिकचे भाग आणि काही सील खराब होतात; मुखवट्याच्या काचेवर तर ते लावूच नये. वंगण मार्करसाठीचंच, दोन-चार थेंब. खनिज तेल किंवा गाडीचं ग्रीस हवेच्या बाटलीत किंवा ती भरण्याच्या तोंडात कधीही जाता कामा नये. दाबाची हवा वेगाने आत घुसताना तापते आणि त्या तेलाचा भडका उडू शकतो.

पावसाळ्याने मुरबाडात एक वेगळाच धडा दिला. गोळीचं कवच जिलेटिनचं असतं आणि ते हवेतली ओल पितं. जूनमध्ये उघडं राहिलेलं पाकीट जुलैत बाहेर काढलं तर गोळ्या फुगलेल्या, मऊ आणि एका बाजूने चपट्या झालेल्या असतात. ०.६८ इंच हे माप पाकिटावर छापलेलं राहतं. आतल्या गोळ्या नळीत अडकतात. अशा गोळ्यांवर जुळवलेला मार्कर ऑक्टोबरमध्ये नव्या गोळ्या घातल्यावर वेगळाच वेग दाखवतो. म्हणून नळी मार्करपासून सोडवून घ्यायची, तिच्यात गोळी ठेवायची. गोळी आपसूक घरंगळून बाहेर पडली तर नळी सैल. तोंडाने फुंकर मारल्यावर सरकली तर जोडी बरोबर. फुंकरीनेही हलली नाही तर ती गोळी त्या नळीसाठी नाही. नळी मार्करला जोडलेली असताना तिला तोंड लावायचं नाही.

एवढं झाल्यावरच क्रोनोग्राफ पुढ्यात येतो. गोळीचा वेग मोजणारं हे यंत्र ज्या मैदानावर नाही, तिथे ट्यूनिंग होऊ शकत नाही, आणि खरं तर खेळही होऊ नये. आकडे नीट वाचले तर दोष कुठे आहे ते यंत्र न उघडताच कळतं. थोडा वेळ थांबून झाडलेली पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा वेगवान निघाली तर रेग्युलेटर ‘चढतो’ आहे: त्याची सीट झिजलेली आहे आणि बंद असतानाही हवा पुढे झिरपून दाब वाढवते आहे. तीच पहिली गोळी मंद निघाली तर ओ-रिंगा कोरड्या पडून धातूला चिकटत आहेत. एकेक गोळी ठीक, पण भराभर झाडताना वेग पायरी-पायरीने उतरत असेल, तर रेग्युलेटरला मधल्या वेळात हवा पुरवता येत नाही. त्याची जाळी साफ करायची. आकडे कोणताच क्रम न धरता वरखाली उडत असतील तर पुन्हा गोळ्यांकडे वळायचं. सगळं जागेवर असलं तर लागोपाठच्या गोळ्यांत सेकंदाला पाच-दहा फुटांपेक्षा जास्त फरक पडत नाही. यांतला ‘चढणारा’ रेग्युलेटर सर्वांत धोक्याचा, कारण डावाच्या सुरुवातीला, खेळाडू ताजेतवाने आणि मार्कर थोडा वेळ पडून राहिलेला असताना, नेमकी मर्यादेबाहेरची गोळी सुटते.

आता दाब. हॅमरची स्प्रिंग एका जागी पक्की ठेवून रेग्युलेटर खालून थोडा थोडा वर नेला आणि प्रत्येक टप्प्यावर वेग वहीत उतरवला, तर एक गंमत दिसते. आधी वेग वाढत जातो. मग एका जागी तो थबकतो. दाब त्याहूनही वाढवला की वेग चक्क उतरायला लागतो. फिटरने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा क्रोनोग्राफ बिघडला असं समजून त्याची बॅटरी बदलली होती. बिघाड नव्हता. व्हॉल्व्हला मागून हवेनेच दाबून धरलेलं असतं. जोराच्या वाऱ्यात दार ढकलावं तसं हॅमरला ते उघडावं लागतं. दाब वाढला की व्हॉल्व्ह कमी उघडतो, लवकर मिटतो आणि हवा कमी सुटते. म्हणजे शिखराच्या पलीकडचा सगळा दाब फुकट जातो, वर व्हॉल्व्ह आणि सीट झिजवतो. कंपनीकडून ८०० वर आलेल्या पुष्कळ मार्करना बसवलेल्या जड स्प्रिंगा हा दाब गृहीत धरूनच असतात.

दाब उतरवण्याचा मार्ग त्यामुळे हॅमरपासून सुरू होतो. शिखरावरचा वेग मैदानाच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर मुख्य स्प्रिंगचा ताण थोडा कमी करायचा. तिच्या कमी धक्क्याला साजेसं शिखर आता आधीपेक्षा खालच्या दाबावर सापडतं. पुन्हा रेग्युलेटर खालून वर, पुन्हा वही. हलक्या स्प्रिंगमुळे हॅमरला मागे जाणंही सोपं होतं आणि फडफडीचा मूळ प्रश्नच सुटतो. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर आठ-दहा गोळ्या, सगळ्या एकाच पाकिटातल्या. रेग्युलेटर खाली आणताना स्क्रू फिरवल्यावर दोन-तीन वेळा हवा झाडून टाकायची, नाहीतर आधीचाच दाब आत कोंडलेला राहतो आणि काटा खोटं बोलतो. वेगाचा स्क्रू काही मॉडेलांत मागून स्प्रिंग दाबतो, तर काहींत बाजूने हवेची वाट अरुंद करतो. दुसऱ्या प्रकारात तो स्क्रू पूर्ण मोकळा केल्याशिवाय कमी दाबाचा हिशोब जुळत नाही.

एका मर्यादेनंतर नुसती स्प्रिंग पुरत नाही. कमी दाबाची हवा गोळीला पुरेसा रेटा द्यायला जास्त प्रमाणात लागते, म्हणून व्हॉल्व्हमागची कोठी मोठी, वाटा रुंद आणि बोल्टचं तोंड मोकळं हवं. तयार संच मिळतात, त्यांत हे भाग आणि हलक्या स्प्रिंगांची जोडी असते. आजचे स्पर्धेतले इलेक्ट्रॉनिक मार्कर २०० पीएसआयच्या आसपास चालतात ते असे मुळापासून त्या दाबासाठी रचलेले असल्यामुळे. भाड्याच्या ब्लोबॅकला ओढूनताणून तिथे नेण्यात अर्थ नाही. फिटरने ४०० च्या आसपास हात आखडता घेतला; त्याखाली थंडीच्या सकाळी हॅमर पुन्हा खाचेला चुकायला लागला होता. स्प्रिंग कापून हलकी करू नये, कापलेलं टोक तिरपं बसतं आणि हॅमरच्या भिंतीला घासतं. घरच्या ड्रिलने व्हॉल्व्ह रुंद करण्याच्या फंदात तर पडूच नये. सीटवर एक ओरखडा आला की तो भाग भंगारात जातो.

शेठची शाळेच्या पोरांविषयीची काळजी मात्र खरी होती. फक्त तिचं उत्तर रेग्युलेटरमध्ये नव्हतं. गोळी अंगावर लागते ती वेगाने आणि वजनाने. मागे ८०० पीएसआय होते की ४००, हे तिला माहीत नसतं. साधारण ३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० फूट वेगाने जाते तेव्हा तिच्यात सुमारे साडेबारा जूल ऊर्जा असते. ३०० ही बहुतेक ठिकाणी मानली जाणारी कमाल मर्यादा. पुष्कळ मैदानं २८० वरच थांबतात. वेग २५० वर आणला तर ऊर्जा जवळपास तीस टक्क्यांनी घटते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. लहान मुलांसाठी ०.५० इंच मापाची, सव्वा ग्रॅमच्या आसपासची गोळी वापरणारे मार्कर मिळतात. त्याच वेगाला तिचा मार निम्म्याहूनही कमी. नीट ट्यून केलेला कमी दाबाचा मार्कर आवाजाला मऊ असतो आणि त्यामुळेच फसवा. मऊ आवाज ऐकून कोणी मुखवटा वर करू नये. पेंटबॉलमध्ये डोळ्यांना झालेल्या गंभीर इजा बहुतेक मुखवटा काढलेला असतानाच झालेल्या आहेत.

दुरुस्तीच्या टेबलावरचे धोके वेगळे. बाटली काढली म्हणजे मार्कर रिकामा झाला, असं धरून चालू नये. आत कोंडलेली हवा एक-दोन गोळ्या सहज उडवते, म्हणून सुरक्षित दिशेला चाप ओढत ती संपवायची आणि मगच पाना हातात घ्यायचा. बाटली पिळून काढताना कधी कधी मार्करपासून बाटली सुटण्याऐवजी बाटलीपासून तिचा व्हॉल्व्हच सुटत येतो. तो पूर्ण सुटला तर बाटली रॉकेटसारखी उडते, आणि अमेरिकेत यात माणसं दगावलेली आहेत. यावरचा उपाय अगदी स्वस्त: व्हॉल्व्ह आणि बाटली यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढायची. पिळताना रेघ तुटलेली दिसली तर तिथेच थांबायचं, बाटली पुन्हा घट्ट करायची आणि ती जाणकाराकडे द्यायची.

कागदपत्रांत हयगय परवडणारी नाही. दाबाच्या सिलिंडरांचा कारभार २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’कडे येतो. बाटली परवानाधारक ठिकाणीच भरून घ्यायची. स्वतःचा कॉम्प्रेसर बसवायचा विचार असेल तर आधी तिथे विचारायचं. मार्कर खरेदी करण्यापूर्वी परवान्याची बाजू पोलीस ठाण्यात लेखी विचारून घेतलेली बरी. जुन्या बाटल्या स्वस्तात मिळतात, पण घेताना मानेवर ठोकलेला महिना आणि वर्ष वाचायचं. बहुतेक बाटल्यांना दर ५ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते, आणि कार्बन फायबरच्या बाटलीचं आयुष्य साधारण १५ वर्षांत संपतं, ती दिसायला कितीही नवी असो.

जूनच्या पहिल्या पावसाआधी केंद्रावर मैदान बंद होतं आणि मार्करची आवराआवर होते. हॅमर पुढे सोडून ठेवायचा, म्हणजे स्प्रिंग चार महिने दाबलेली राहत नाही. धातूच्या भागांवर वंगणाचा हात फिरवायचा. ओल्या हवेत मुख्य स्प्रिंगवर गंज सर्वांत आधी चढतो. हवेच्या बाटल्या पूर्ण रिकाम्या करायच्या नाहीत, आत थोडा दाब राहू द्यायचा म्हणजे ओल शिरत नाही. उरलेल्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून वर तारीख लिहायची. प्रत्येक मार्करच्या नावाने वहीत एक पान असतं: कोणती स्प्रिंग, किती पीएसआय, कोणत्या गोळीवर किती वेग. ऑक्टोबरमध्ये भात कापणीला आलं की ती वही उघडून, प्रत्येक मार्कर क्रोनोग्राफसमोर धरून, आकडे पुन्हा पडताळले जातात. गेल्या हंगामाच्या आकड्यावर विसंबून एकही मार्कर खेळाडूच्या हातात जात नाही.